धुऱ्यावर उभी

मलकापूरला मुंबईकडची गाडी थांबते न थांबते तोच सुटते, म्हणून आमच्याकडे निरोप गाडी यायच्या आधीच उरकून घेतात. मी अमेरिकेला निघाले तेव्हा गावातून एक काळीपिवळी भरून माणसं स्टेशनवर आली होती. माय, बाबा, धाकटा भाऊ गजू, दोन मावश्या, शाळेतले सर. उरलेली माणसं माझ्या प्रेमापोटी नाही, तर गाडीत जागा होती आणि मलकापुरात त्यांची कामं होती म्हणून आली होती. रडायचं कुणी ठरवलं नव्हतं, पण एका मावशीनं सुरुवात करून दिली आणि मग कुणालाच कमी पडायचं नव्हतं. माय तेवढी रडली नाही, तिला वेळच नव्हता. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी असं एकेक ती माझ्या पिशवीत कोंबत होती आणि म्हणत होती, "तिकडं भाकर भेटते का नाही कोनाले मालूम."

बाबा जरा बाजूला उभे होते. माझे फुटबॉलचे बूट, लेसची गाठ मारून, त्यांच्या खांद्यावर लटकत होते. गाडी आली, मी चढले, खिडकीशी जाऊन बसले. गाडी हलली तेव्हा माय ओरडली, "अवो, जोडे!" बाबा गाडीबरोबर धावले आणि खिडकीच्या गजांतून आधी एक बूट आणि मग दुसरा त्यांनी आत सारला. त्यांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. दम लागलेला असतानाच ते म्हणाले, "मांगं पाहू नोको. मांगं आमी हावो." मी अर्थातच मान वळवून फलाट संपेपर्यंत मागेच पाहत राहिले.

बारावीनंतर अमेरिकेतल्या एका कॉलेजनं मला फुटबॉलसाठी शिष्यवृत्ती दिली होती. तिकडे या खेळाला सॉकर म्हणतात. फुटबॉल म्हटलं की ते लोक हातात बॉल घेऊन पळतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात मुली खो-खो खेळायच्या, फार तर कबड्डी. फुटबॉल आणला तो आमच्या सरांनी. सर कामठीचे. कामठीला पोरं चालायला शिकायच्या आधी बॉलला लाथ मारतात, असं ते छाती फुगवून सांगायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मैदानात एक बॉल टाकला आणि सगळ्या मुली गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशा त्याला लागल्या. मी एकटी मागे उभी होते. सरांनी विचारलं, तू का नाही धावत? मी म्हणाले, बॉल तर इकडेच येणार आहे, मग धावायचं कशाला? त्या दिवशी त्यांनी मला बचावात टाकलं. मी आज तिशीत आहे आणि अजून तिथेच आहे.

हे शहाणपण माझं नव्हतं, ते बाबांचं होतं. आमचं शेत डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि पीक हिरवं झालं की डोंगरातून रोही उतरतात. रोही म्हणजे नीलगाय. अंगानं घोड्याएवढी आणि अकलेनं वकील. शाळा सुटली की मी बाबांबरोबर राखणीला जायचे. लहानपणी रोही दिसलं की मी काठी घेऊन बोंबलत त्याच्या मागे सुटायचे. ते आरामात उड्या मारत सगळं सोयाबीन फिरून यायचं आणि मी त्याच्या मागे. एकदा बाबांनी मला हाताला धरून मागे वळवलं आणि तुडवलेली झाडं दाखवली. म्हणाले, "हे रोह्यानं नाही तुडवलं, तूनं तुडवलं. त्याच्या मांगं धावू नोको. थो कुठून येते ते पाह्य, आन वाटेत उभी राह्य." पुढे मोठमोठ्या प्रशिक्षकांनी मला हेच इंग्रजीत सांगितलं, फळ्यावर बाण काढून.

दुसरी गोष्ट धुऱ्याची. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्या शेताला लागून नामदेव काकांचं शेत, बाबांचे चुलत भाऊ. माणूस दिलदार, गोडबोल्या, लग्नकार्यात सगळ्यांच्या आधी पंगतीत वाढायला उभा राहणारा. पण रान नांगरायला घेतलं की त्यांचा हात जरा आमच्या बाजूला कलायचा. दर वर्षी नांगराचा एखादा तास, म्हणजे एक चरी, धुऱ्याची खायची, बस, जास्त नाही. याला आमच्याकडे धुरा कोरणं म्हणतात आणि यावरून सख्ख्या भावांची तोंडं पिढ्यान् पिढ्या बंद असतात. बाबा भांडले नाहीत. काकांचा ट्रॅक्टर शेतात शिरला की बाबा टोपी घालून धुऱ्यावर जायचे आणि दिवसभर नुसते उभे राहायचे. शिव्या नाहीत, काठी नाही. काकांचा नांगर त्या दिवशी आखून दिल्यासारखा सरळ चालायचा. संध्याकाळी दोघं आमच्याच ओट्यावर चहा प्यायचे.

मी एकदा विचारलं होतं, "बाबा, तुमी नुसते उभे काऊन राह्यता?"

"उभं राह्यनं बी काम असते, बाई," बाबा म्हणाले होते.

पुढे माझी निवड पुण्याच्या शिबिरात झाली. खेळात मी कुणाला हार गेले नाही, पण तोंड उघडलं की हरायचे. "मले पास दे" एवढं म्हटलं आणि अख्ख्या शिबिराला महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली. मुली वाईट नव्हत्या. त्या हसायच्या आणि लगेच मला डब्यातलं खायलाही द्यायच्या. पण मी मैदानात गप्प झाले. आता बचावात खेळणाऱ्याचा अर्धा खेळ तोंडात असतो. पुढच्यांना जे दिसत नाही ते मागून आपल्याला दिसतं, ते ओरडून सांगावं लागतं. मी मुकी झाले आणि माझा खेळ निम्मा झाला.

अमेरिकेत गेल्यावर कॉलेजच्या प्रशिक्षिकेनं पहिल्याच आठवड्यात बजावलं, ओरड. ओरडायला भाषा लागते आणि माझं इंग्रजी तेव्हा परीक्षेत पास होण्यापुरतंच. सामन्याच्या गडबडीत तोंडातून जे निघायचं ते थेट आमच्या शेतातलं: "सरक! इकडं ये! अवं, मांगं पाह्य!" कुणी हसलं नाही. तिथे पुण्याची भाषा आणि आमची भाषा दोन्ही सारख्याच अगम्य. एवढी समानता मला महाराष्ट्रात कधी मिळाली नव्हती.

नावाची मात्र वाट लागली. मी शीतल. तिकडे सगळ्या नावांची शेपटी कापायची पद्धत, म्हणून मी झाले 'शी'. घरी फोनवर सांगितलं तर माय म्हणाली, "शी? अवं बाई, हे काय नाव झालं? घानेरडं काही दिसलं तं आपन म्हनतो ते!" आजही चाहते कठड्यावरून "शी! शी!" ओरडतात आणि मला कुणीतरी नाक मुरडल्यासारखं वाटतं.

कॉलेज संपल्यावर व्यावसायिक क्लबांच्या चाचण्या सुरू झाल्या. एका क्लबनं घेतलं आणि मोसम संपताच धन्यवाद म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या क्लबात गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, आणि जवळजवळ एक वर्ष मी इतरांच्या सामन्यांना टाळ्या वाजवल्या. त्या वर्षात माय रोज फोनवर सांगायची, "हळद लाव, हळद." मग आताचा हा क्लब मिळाला. शहर लहान आहे, देशाच्या अगदी मधोमध. पहिल्यांदा विमानतळावरून गाडीनं येताना खिडकीबाहेर पाहिलं आणि मला हसूच फुटलं. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर सोयाबीन! सात समुद्र ओलांडून मी पुन्हा सोयाबीनच्याच वावरात येऊन पडले होते. रोह्यांच्या जागी तिथे हरणं येतात, एवढाच फरक.

करार झाला त्या दिवशी बाबांना फोन केला. काय काम असते, त्यांनी विचारलं. मी आनंदाच्या भरात म्हणून गेले, "बाबा, मी डिफेन्समध्ये हाव!" पलीकडे बाबांनी तेवढंच पकडलं. आमच्या भागात दर दुसऱ्या घरातला पोरगा पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळत असतो. डिफेन्स म्हणजे मिलिटरी, आणि खेळाडूला तिथे लवकर घेतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबांनी पारावर सांगितलं, पारावरून ते दुधाच्या गाडीबरोबर मोताळ्याला गेलं, आणि दोन वर्षांनी मी सुट्टीला गावी आले तेव्हा एसटी थांब्यावर भलंमोठं बॅनर लागलेलं होतं. त्यावर रणगाडा, हेलिकॉप्टर, अमेरिकेचा झेंडा आणि कुणा सैनिकाच्या धडावर चिकटवलेला माझा दहावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो. 'अमेरिकन डिफेन्समध्ये दाखल झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात सगळ्यात मोठा नामदेव काकांचा.

सत्काराच्या मंचावर एका माजी सैनिकानं प्रेमानं विचारलं, "बाई, रेजिमेंट कोनती तुमची?" आता खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी माईक घेतला आणि सांगितलं, मी फुटबॉल खेळते. मागे, बचावात. त्यालाच डिफेन्स म्हणतात. अख्खा गाव खो खो हसला. मीही हसले. ते हसणं माझ्यावर नव्हतं, त्या हेलिकॉप्टरवर होतं. गंमत तिथेच संपली असती, पण मागून कुणीतरी विचारलं, "मंग गोल किती मारले आजपावतर?"

"एकही नाही," मी म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही, आणि हसले असते तर बरं झालं असतं. बाबा पहिल्या रांगेत होते, सत्काराचा नारळ मांडीवर घेऊन. त्यांनी मान खाली घातली. त्या संध्याकाळी ओट्यावर ते मला म्हणाले, "इतक्या दूर जाऊन तू नुसती उभी राह्यते का वं?"

उत्तर माझ्याजवळ होतं. ते त्यांचंच वाक्य होतं, धुऱ्यावरचं. पण ते त्यांनाच ऐकवायचं मला जमलं नाही, मी उठून चहा टाकायला आत गेले. त्यानंतर बाबा फोनवर खेळाचा विषय काढेनात. जेवली का, पाऊसपानी हाय का, आन ठेव फोन, बिल वाढते. कितीदा सांगितलं की याचं बिल येत नाही, तरी तेच. तुमच्यापैकी जे गाव सोडून लांब गेलेत त्यांना हे कळेल. परक्या मुलखात चार लोक पाठ थोपटतात, बरं वाटतं. पण पोट भरत नाही त्यानं. मला एवढंच हवं होतं की बाबांनी एकदा माझं काम काम म्हणून पाहावं.

पुढच्या मोसमात एक गंमत झाली. बचावातल्या आम्ही चौघी मैदानाच्या आडव्या रेषेत, एका ओळीत उभ्या राहतो. पुढे सरकायचं तर चौघींनी एकदम, मागे हटायचं तरी एकदम. ओळ सरळ राहिली आणि आपण वेळेवर पुढे सरकलो, तर समोरची खेळाडू आपल्या मागे एकटीच सापडते आणि पंच शिट्टी मारून तिला बाद ठरवतात, त्याला ऑफसाइड म्हणतात. पण एकीचा जरी पाय मागे राहिला तरी सगळं मुसळ केरात. आमची डावीकडची मुलगी नेहमी दोन पावलं मागे घोटाळायची. एका सरावात माझा संयम सुटला आणि मी ओरडले, "अवं, धुरा! धुरा धर ना!"

सगळ्या थांबल्या. क्लबच्या प्रशिक्षिकेनं विचारलं, हे काय? मी सांगितलं की आमच्याकडे दोन शेतांमध्ये बांध असतो, शेजारी तो कोरतो, म्हणून माझे बाबा नांगरटीच्या दिवशी त्याच्यावर दिवसभर उभे असतात. ओळ म्हणजे तो बांध. प्रशिक्षिका पोट धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली. शब्द छोटा, ओरडायला सोपा, आणि समोरच्या संघाला काही केल्या कळणार नाही. त्या दिवसापासून आमच्या संघाची हाक ठरली: धुरा. आमची गोलकीपर केटी हिच्या जिभेला 'ध' काही जमत नाही, ती 'डुरा' म्हणते. पण इतक्या जोरात म्हणते की तो आवाज मोताळ्याला ऐकू जावा. आपला धुरा कायद्यानं पुढे सरकवता येतो हा खेळ नामदेव काकांना फार आवडला असता, असं मला तेव्हा वाटून गेलं.

मग गजूनं घरच्या टीव्हीवर आमचे सामने लावायची खटपट केली. आमचा संध्याकाळचा सामना म्हणजे गावी सकाळचा चहा. पहिला सामना बाबांनी गजूच्या आग्रहाखातर पाहिला आणि नंतर फोनवर म्हणाले, "तुले तं बॉलच भेटत नाही वं. बाकीच्या पोट्ट्या देत काऊन नाही?"

या वेळी मी उत्तर दिलं. "बाबा, बॉल नोका पाहू. बॉल म्हंजे रोही. तुमी धुरा पाहा. आमी चौघी जनी धुऱ्यावर उभ्या हावो, आन थ्या दुसऱ्या पोट्ट्या धुरा कोरून राह्यल्या." आणि हेही सांगितलं की इथल्या गोऱ्या पोरी मैदानात 'धुरा' म्हणूनच ओरडतात.

पलीकडे बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग बाबांनी एकदम हळू आवाजात विचारलं, "नामदेवले सांगू का?"

त्या दिवसापासून घरचं वातावरणच पालटलं. बाबा टोपी घालून टीव्हीसमोर बसायला लागले. टोपी कशाला म्हणून माय चिडवायची, तर म्हणायचे, धुऱ्यावर उघड्या डोक्यानं जात नसतात. नामदेव काकाही येऊ लागले. त्यांचं निरीक्षण फार बारीक. समोरची कोणती मुलगी कधी घुसणार हे ते आधीच सांगतात, आणि बाबा म्हणतात, "याले बरोबर कळते, याचा धंदाच थो हाय." सामना संपला की बाबांचा फोन. कधी म्हणतात, डावीकडची पोट्टी अजूनही मांगं राह्यते, तिले सांग. कधी म्हणतात, तू आज एकदा बॉलच्या मांगं धावली, मी पाह्यलं. आणि ते खरं असतं.

गेल्या मोसमातला शेवटचा सामना. जिंकलो तर पुढच्या फेरीत, नाही तर घरी. वेळ संपत आलेली आणि गोल कुणाचाच नाही. आम्हाला कॉर्नर मिळाला, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून गोलसमोर बॉल मारायची संधी. प्रशिक्षिका बाहेरून दोन्ही हातांनी मला पुढे ढकलायच्या खुणा करत होती. मी अशी पुढे फारशी जात नाही, पण गेले. बॉल उंच आला, मी उडी मारली, तो कपाळाच्या कडेला लागला आणि जाळ्यात गेला. इतक्या वर्षांतला माझा पहिला गोल. अंगावर एवढ्या मुली पडल्या की मला वाटलं दुसराही गुडघा गेला. चाहते "शी! शी!" करत नाचत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला ते नाव गोड वाटलं.

आत येऊन मोबाईल उचलला तर घरचा फोन वाजतच होता. पलीकडे लग्नघर होतं. गजू किंचाळत होता, माय कुणाला तरी साखर वाट म्हणून सांगत होती, नामदेव काका बॅनरचं काहीतरी बोलत होते. मग बाबांनी फोन घेतला आणि सगळ्यांना गप्प केलं.

"गोल झाला, बरं झालं," ते म्हणाले. "पन तू धुरा सोडून गेली काऊन? मांगं कोन होतं?"

मी हसायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं ते कळलं नाही. गोल विचारणाऱ्यांना गोल मिळाला होता. माझ्या बाबांना मात्र त्या आनंदातही मागचं रिकामं रान दिसलं होतं. केटीनं विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मागे मी एकटीच होते."

"बाबा," मी फोनवर म्हणाले, "मांगं तुमी हाय ना."

बाबा म्हणाले, "हाव." आणि लगेच, "जेवली का?"

इथे लोक मला विचारतात, घर कुठलं? मी आधी मोठं उत्तर द्यायचे, जिल्हा, तालुका, मुंबईपासून किती लांब. आता वाटतं, आपण जिथे उभं राहिलो नाही तर कुणाचं तरी रान मोकळं पडेल, ते घर. माझी अशी दोन रानं आहेत. दोन्हीकडे सोयाबीन आहे, दोन्हीकडे धुरा आहे, आणि एका ठिकाणी उभी असताना दुसरं आठवतं. याचं आता मला फारसं वाईट वाटत नाही.

बाबांचे गुडघे हल्ली दुखतात. यंदा आमचा मोसम संपेल तेव्हा गावी सोयाबीन निघालेलं असेल आणि हरभऱ्यासाठी नांगर चालेल. मी बाबांना कळवलं आहे की या वर्षी तुम्ही ओट्यावर बसा, धुऱ्यावर दिवसभर मी उभी राहीन. ही बातमी नामदेव काकांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. गजू सांगत होता, काका टोपी काढून बाबांपुढे येऊन बसले आणि म्हणाले, "काऊन रे भाऊ, घरच्या कामाले अमेरिकेची डिफेन्सवाली कायले आनता?"

बाबा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तू घाबरू नोको. ते काही करत नाही. नुसती उभी राह्यते."